येथे थुंकावे

माणूस हा मुळात घरकोंबडा प्राणी आहे. त्याला उंबऱ्याबाहेर काढायचे तर एखादी भक्कम सबब लागते. आमच्या आजोबांच्या काळी ही सबब देवाची असे. ते काशीला जात, रामेश्वराला जात, आणि वाटेत ज्या नद्या, डोंगर आणि खानावळी लागत त्यांचा आस्वाद पुण्याच्या खात्यावर घेत. वडिलांच्या काळात सबब हवेची झाली. डॉक्टरांनी ‘हवापालट’ हा शब्द नुसता उच्चारला की घरात चिखलदऱ्याची वळकटी बांधली जाई. आमच्या पिढीने सरकारी प्रवासभत्त्याच्या जोरावर कन्याकुमारीपर्यंत मजल मारली. सूर्योदय सोनाळ्यालाही होतो, पण त्याचे बिल मंजूर होत नाही.

आताच्या पिढीची सबब आहे चव. चहाचे मळे पाहायला माणसे आसामला जातात, कॉफी पाहायला कुर्गला जातात आणि वाईन ‘पाहायला’ नाशिकला जातात. वाईन पाहायला जातो असे सांगणारा माणूस परत आला की त्याचे डोळे पाहावेत, म्हणजे त्याने काय पाहिले ते कळते.

मी राहतो सोनाळ्याला. बुलढाणा जिल्ह्याच्या नकाशात अगदी वर, जिथे जिल्हा संपतो आणि सातपुडा सुरू होतो, तिथे संग्रामपूर तालुक्यात आमचे गाव आहे. आमच्याकडे परगावची माणसे येत नाहीत असे नाही. सोनाजी महाराजांच्या यात्रेला माणसांचा पूर लोटतो. १९९७ साली गावच्या डोक्यावरच्या जंगलाचे अंबाबरवा अभयारण्य झाले, तेव्हापासून वाघ पाहायलाही गाड्या जातात. वाघ बहुधा दिसत नाही. पण आपण त्याला दिसलो असू, या समाधानात मंडळी शेगावला जाऊन कचोरी खातात. मात्र सोनाळ्याला काही चाखायला म्हणून कोणी आल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. तेव्हा या नव्या सबबीची ओळख करून घ्यायला मलाच नाशिकला जावे लागले.

नाशिकला माझा भाचा असतो. त्याचा फोन आला, “मामा, मामीला घेऊन या. वाईन टूर करू.”

आमच्या हिने फोन ठेवल्यावर विचारले, “ही वाईन तूर कोणती? नवीन जात आली का? एकरी उतारा काय पडतो म्हणे?” तुरीच्या मुलखात आयुष्य काढलेल्या बाईने दुसरे काय विचारावे? मी खुलासा केला, तेव्हा ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, “म्हणजे पोरगं पिणाऱ्यांत बसतं वाटतं.” एकूण, भाच्याच्या काळजीपोटी ती टूरला तयार झाली. सबब लागतेच, म्हणतात ती अशी.

माझ्या लहानपणी नाशिकहून आलेला माणूस गोदावरीचे पाणी आणि चिवडा घेऊन यायचा. पाण्याच्या बाटलीचे बूच लाखेने बंद केलेले असे. आजही नाशिकहून येणारा माणूस बूच मारलेली बाटली घेऊन येतो. फक्त ती देवघरात ठेवत नाहीत.

हा बदल एका रात्रीत झालेला नाही. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावाला श्याम चौगुले यांनी फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने बुडबुड्यांची वाईन केली आणि ती ‘ओमर खय्याम’ या नावाने युरोपात पाठवली, ती १९८० च्या दशकात. म्हणजे दार्जिलिंगला दार्जिलिंगचाच चहा विकण्यासारखा पराक्रम. नाशिकला राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून आले आणि १९९९ मध्ये त्यांनी ‘सुला’ काढली. मग २००१ साली राज्य सरकारने द्राक्षावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगासाठी खास धोरण आणले, करात सवलती दिल्या, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क काढले. २००५ पासून तिथे चाखण्याची खोलीही आली, आणि मग रस्त्याला मोटारी लागल्या.

जगात तरी वेगळे काय झाले? द्राक्षमळ्यांचा पहिला अधिकृत ‘रस्ता’ जर्मनीत १९३५ साली उघडला. तो सुमारे ८५ किलोमीटरचा आहे आणि फार देखणा आहे म्हणतात. पण तो काही निसर्गप्रेमातून निघाला नव्हता. पीक अमाप आले होते आणि माल खपत नव्हता. त्या भागातला वाईनचा बराच व्यापार ज्यू व्यापाऱ्यांच्या हाती होता, आणि नाझी राजवटीने त्यांना धंद्यातून हुसकावायला सुरुवात केली होती. तेव्हा गिऱ्हाईकच मळ्यापर्यंत आणावे म्हणून रस्त्याला नाव दिले, कमान उभारली, आणि लोक गाणी म्हणत येऊ लागले. सुंदर रस्त्यावरून जाताना तो का काढला हे विचारू नये. जेवण बेचव लागते.

असो. फेब्रुवारीच्या शेवटाला, ऐन तोडणीच्या दिवसांत, भाच्याने आम्हांला गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका मळ्यात नेले. एक चुणचुणीत मुलगी आम्हां दहा-बारा जणांना हिंडवत होती. तिने सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. युरोपात हिवाळ्यात बर्फ पडते, वेल झोपी जाते आणि वसंतात आपोआप जागी होते. नाशिकला बर्फ नाही, त्यामुळे वेलीला झोपावे केव्हा आणि उठावे केव्हा हेच कळत नाही. ते तिला कात्रीने सांगावे लागते. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी, आणि मग थंडीच्या रात्रींत घड भरत जातात. मी चाळीस वर्षे शाळेत शिकवले आहे. वर्षातून दोनदा छाटल्याखेरीज इथे कोणाला केव्हा जागे व्हायचे ते कळत नाही, हे मला कोणी सांगायला नको होते.

वाईनची द्राक्षे बारीक, जाड सालीची आणि बियांची असतात. आमच्या हिने एक मणी तोंडात टाकून बी हातावर काढली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की याच्यापेक्षा बाजारातली बरी. नंतर मोठमोठ्या पोलादी टाक्या पाहिल्या. थेट दूध संघात आल्यासारखे वाटले. त्यापुढे लाकडी पिंपे, आणि मग थंडगार तळघर. तिथे भिंतभर बाटल्या निजवून ठेवलेल्या. “बाटली आडवी ठेवली की बूच ओलं राहतं, वाईन टिकते,” मुलगी म्हणाली.

आमची ही एकदम खुलली. “अगंबाई, इथे तर सगळ्याच आडव्या!”

बाहेरच्या राज्यातल्या मंडळींना यातली गंमत कळली नाही, म्हणून सांगतो. महाराष्ट्रात एक फार सुंदर नियम आहे. गावातल्या दारूच्या दुकानाविरुद्ध पुरेशा बायकांनी सह्या केल्या, तर मतदान घेता येते. चिन्हे दोन : उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. आमची ही आजवर सगळ्या निवडणुकांत माझ्या सांगण्याप्रमाणे मत देते असे मला सांगत आली आहे. पण या एका बाबतीत तिने मला कधी विचारलेसुद्धा नाही.

शेवटी आम्ही त्या खोलीत आलो. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे सहा पेले, आणि मध्ये एक चकचकीत भांडे.

चाखण्याचा विधी साधारण सत्यनारायणासारखाच असतो. आधी पेला उजेडात धरून रंग पाहायचा, मग तो गरगर फिरवायचा, मग नाक आत घालून हुंगायचे, आणि मग चमचाभर तोंडात घेऊन गालांत खेळवायचे. मुलगी विचारत होती, “कशाचा वास येतोय?” कोणी म्हणाले पेरू. कोणी म्हणाले हिरवी मिरची. एका गृहस्थाने डोळे मिटून ‘नुकतेच कापलेले गवत’ असे सांगितले, तेव्हा मुलगी म्हणाली, “एक्झॅक्टली!” आता गवताच्या वासाचे कौतुक पैसे देऊन करायचे असेल, तर आमच्या सोनाळ्यात निम्मे गाव पदवीधर निघेल.

आणि मग तिने त्या मधल्या भांड्याचा खुलासा केला. सहा प्रकार चाखायचे असल्याने प्रत्येक घोट गिळण्याची गरज नाही. चव घ्यायची आणि त्या भांड्यात थुंकायचे.

मी अवाक झालो. चाळीस वर्षे मी शाळेच्या भिंतींवर ‘येथे थुंकू नये’ असे स्वहस्ते रंगवले. ‘येथे थुंकावे’ अशी सोय, आणि तीही चांदीसारख्या भांड्यात, मी प्रथमच पाहत होतो. शेजारच्या बाईंनी अत्यंत नाजूकपणे, ओठांचा चंबू करून, सातशे रुपये बाटलीचा एक घोट त्या भांड्यात सोडला. अशी सफाई आमच्या गावातल्या तंबाखूवाल्यांना सात जन्मांत यायची नाही.

मला ते जमेना. घरचे वळण असे, की ताटात टाकायचे नाही आणि तोंडात घेतलेले तर मुळीच टाकायचे नाही. दुष्काळ पाहिलेल्या आईने लावलेली ही शिस्त. आता पेच पाहा. दारू पिऊ नये हाही आईचाच संस्कार, आणि तोंडचे टाकू नये हाही आईचाच. दोन्ही संस्कार माझ्या गालांत समोरासमोर उभे राहिले. शेवटी जुना जिंकला आणि मी गिळले. सहाही वेळा. भाचा कौतुकाने म्हणाला, “मामा, तुम्ही तर पक्के निघालात!” आणि टेबलावरची सुसंस्कृत मंडळी माझ्याकडे, हा मनुष्य पितो, अशा नजरेने पाहू लागली.

तिथून माझ्या डोक्यात एक किडा शिरला, तो अजून गेलेला नाही. थुंकणारा तो रसिक आणि गिळणारा तो दारुडा, ही वाटणी कोणी केली? आणि ज्याला घोट फुकट घालवणे परवडते त्यालाच संयमी म्हणायचे असेल, तर संयम हा सद्गुण आहे की ऐपत?

चवीचे म्हणाल, तर तिच्याबद्दल फार हळवे होण्याचे कारण नाही. १९७६ साली पॅरिसला फ्रेंच परीक्षकांपुढे बाटल्यांची नावे झाकून फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन ठेवल्या. पांढरीत आणि तांबडीत, दोन्हींत पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा आला. फ्रान्समध्ये सुतक पडले. पुढे २००१ साली बोर्डोच्या एका संशोधकाने पांढऱ्या वाईनमध्ये नुसता तांबडा रंग घातला आणि वाईनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना दिली. त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाईनच्या शब्दांत केले. सारांश, आपली जीभ डोळ्यांच्या हाताखाली काम करते. आणि डोळे कोणाच्या हाताखाली काम करतात ते विचारू नका. त्यांना काचेचा पेला दिसला की आदर वाटतो आणि प्लॅस्टिकचा डबा दिसला की पोलीस आठवतात.

खरे चाखणारे पाहायचे तर आमच्या तालुक्यात या. सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात पाणी गोड, म्हणून आमच्याकडे संत्र्याच्या बागा दिसतात. पण दक्षिणेला पूर्णा नदीकडे उतरत जा, की खारपाणपट्टा लागतो. तिथले विहिरीचे पाणी खारट, आणि ते पिऊन पिऊन किडनीच्या आजाराने घरेच्या घरे खचली आहेत. वान धरणाचे पाणी त्या गावांना नळाने देण्यासाठी १४० गावांची योजना करावी लागली. त्या भागातल्या म्हाताऱ्याला पेलाभर पाणी द्या. तो ते फिरवत नाही, हुंगत नाही. एक घोट घेतो आणि सांगतो, “हे हापशीचं हाय, बाप्पा. नळाचं नोहे.” कोणत्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात किती मचूळ होते, हे त्याच्या जिभेला पाठ आहे. पण त्याला कोणी एक्झॅक्टली म्हणत नाही. आणि त्याच्यापुढे थुंकायचे भांडेही नसते. त्याला ते गिळावेच लागते.

परत निघताना भाच्याने दोन बाटल्या पिशवीत घातल्या, वर पावती ठेवली, आणि पावतीवर परवान्याचा कागद. हा परवाना वाचण्यासारखा असतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आपल्या राज्यात मनुष्य चैनीसाठी पिऊच शकत नाही. परवाना मिळतो तो प्रकृती राखण्यासाठी! म्हणजे संध्याकाळी परमिट रूममध्ये जी गर्दी दिसते ती सगळी प्रकृतीच्या काळजीने जमलेली असते. इतकी आरोग्याची जाणीव असलेला समाज दुसरा नसेल.

त्यात वाईनचे आणखी निराळे. २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकायला परवानगी देण्याचे ठरवले, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. सत्तेतले म्हणाले, वाईन म्हणजे दारू नव्हे, तो शेतकऱ्याचा माल आहे. विरोधातले म्हणाले, महाराष्ट्राचे मद्यराष्ट्र करता काय? निर्णय कागदावरच राहिला. मला मात्र त्या वादात एका शेतकऱ्याची आठवण सारखी येत होती, ज्याला द्राक्षाचा मळा नाही, पण मोहाचे झाड आहे.

आमच्या गावाच्या वर, जंगलाच्या कडेला असा एक गृहस्थ राहतो. वर्षानुवर्षे आमच्या घरी डिंक आणि मध आणून देतो. आम्ही नाशिकहून आलो आणि पुढे चैत्रात कळले, की त्याला पाच लिटरच्या कॅनसह धरून नेले. मोहाची होती. बाजारात चर्चा, की बरे झाले. मीही मान डोलावली, आणि घरी येऊन पाहतो तो कपाटात माझ्या दोन बाटल्या. पावतीसकट.

आता मोहाचे पाहा. ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे त्याची फुले टपटप गळतात. आदिवासी बाया अंधारात टोपल्या घेऊन वेचतात. फूल गोड असते. वाळवून ठेवतात, खातात, बियांचे तेल काढतात, आणि दारूही गाळतात. इंग्रजांनी १८९२ साली मुंबई इलाख्यात फुलांवरच कायदा केला, कारण घरोघरी गाळलेल्या दारूवर कर मिळत नव्हता. महाराष्ट्रात मोहफुलांवरची बंधने २०२१ मध्ये उठली. फूल सुटले, पण फुलाचा रस अडकूनच राहिला. त्याच वर्षी आमच्या डोंगरापलीकडे, मध्य प्रदेशात, सरकारने आदिवासींच्या मोहाच्या दारूला ‘वारसा मद्य’ म्हणून मान देण्याचे जाहीर केले. गोव्याने २०१६ मध्ये फेणीला तोच मान दिला होता. म्हणजे सातपुड्याच्या पलीकडच्या उतारावर जो वारसा, तोच अलीकडच्या उतारावर गुन्हा. झाडाला बिचाऱ्याला सरहद्द दाखवणारे कोणी नाही, त्यामुळे ते दोन्हीकडे सारखेच फुलते.

तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्ही आता हातभट्टीची वकिली करणार. नाही. वकिली करण्याआधी मी दुसऱ्या बाजूचे सगळे मुद्दे पाटीवर मांडून पाहिले. पहिला मुद्दा, तीव्रतेचा. वाईनमध्ये अल्कोहोल शेकडा बारा-तेरा, आणि मोहाची दारू गाळलेली, तिच्यात कितीतरी जास्त. कबूल. पण मग शेकडा बेचाळीसची व्हिस्की परवान्याने मिळते, तिचे काय? दुसरा, कराचा. वाईनवाला सरकारला देतो, कॅनवाला देत नाही. कबूल, पण हा खजिन्याचा प्रश्न झाला, पापपुण्याचा नव्हे. तिसरा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. चोरून होणाऱ्या धंद्यात काय मिसळले हे कोणी तपासत नाही. पण तपासायचे तर आधी उजेडात आणावे लागेल. नाशिकच्या टाकीत काय आहे हे आपल्याला कळते, कारण नाशिकच्या टाकीला आपण दार ठेवले आहे.

एवढे सगळे मांडून मी मोठ्या समाधानाने पारावर गेलो आणि तिथल्या मंडळींना टूरची हकीकत सांगितली. थुंकण्याच्या भांड्यापाशी सगळे थांबले.

“थुकून देतेत?” एकाने विचारले. “पैसे देऊन?”

“हो.”

“मंग सर, आपला कॅनवाला बरा म्हना की राजेहो. वाया तं नाई घालवत!”

पार हसला. मीही हसलो. माझाच सिद्धान्त इतक्या थोडक्यात कोणी मांडला नव्हता. पण आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईपुढे मी तोच विनोद केला, तेव्हा ती हसली नाही. हातातले भांडे विसळून पालथे घालत म्हणाली, “सर, काचेतून पेओ का गडव्यातून पेओ. घरी आल्यावर त्याचा हात कोनावर चालते, थे पाहा.”

माझी पाटी कोरी झाली. तीव्रता, कर, वारसा, सगळे पुसले गेले. इतके दिवस मी पिणाऱ्यांकडे पाहत होतो : हा कसा पितो, तो कसा पितो. जी पीतच नाही आणि तरी बिल भरते, तिच्याकडे माझे लक्षच गेले नव्हते. आमच्याच वऱ्हाडातल्या गाडगेबाबांना हे मळे न पाहताच कळले होते. त्यांचे वडील दारूपायी गेले आणि पोर आईबरोबर मामाच्या घरी वाढले. पुढे मुलीच्या बारशाला भावकीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू द्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी गोडाचे जेवण घातले आणि भावकीचा राग ओढवून घेतला. बापाच्या दारूचे बिल मुलाने भरलेले होते. त्याला वारशाची भाषा कोण शिकवणार?

म्हणून आता माझे मत असे झाले आहे. मळे बंद करा असे मी म्हणत नाही. तिथल्या शेतकऱ्याच्या घरात चार पैसे येतात आणि त्या मुलीसारख्या मुलींना काम मिळते. भट्ट्या खुल्या करा असेही म्हणत नाही. मागणे एवढेच आहे, की प्रश्न दोघांना एकच विचारावा. बाटली काचेची का डब्याची, फूल का फळ, हे विचारू नये. या घोटाची किंमत कोण देतो, हे विचारावे. पिणाऱ्याने स्वतःच्या खिशातून आणि स्वतःच्या शरीरातून दिली, तर तो त्याचा आणि त्याच्या डॉक्टरचा प्रश्न. बायकोच्या मजुरीतून, पोरांच्या वह्यांतून, कोणाच्या पाठीवरून वसूल होत असेल, तर पावती कितीही पक्की असली तरी तो व्यवहार चोरीचा. या हिशोबाने सातपुड्यातला एखादा कॅनवाला सुटेल आणि मोटारीतून येणारा एखादा रसिक अडकेल. अडकू द्या.

आणि थुंकण्याबद्दलचे माझे मतही थोडे सुधारले आहे. घोट तोंडात असताना थांबता येणे ही नुसती ऐपत नाही. ती कलाच आहे. फक्त ती सहा पेल्यांच्या टेबलावर शिकून उपयोग नाही, कारण तिथे थांबण्याला टाळ्या मिळतात. खरी परीक्षा अशा जागी, जिथे दिवसभर उन्हात राबून आल्यावर दुसरी कोणतीही चव वाट्याला येत नाही. त्या परीक्षेत नापास झालेल्याला हसण्याचा अधिकार मला नाही. मी तर भांडे समोर असून सहाही वेळा गिळले होते.

कपाटातल्या दोन बाटल्यांचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. त्यांचा निकाल कायदेशीर मार्गाने लागला. आमच्या घरात मतदान झाले. नियमाप्रमाणे फक्त महिलांचे. मतदार एक, मतदान शंभर टक्के. दोन्ही बाटल्या धान्याच्या कोठीमागे आडव्या ठेवल्या आहेत. मी हरकत घेतली नाही. वाईन आडवीच चांगली टिकते, हे मला नाशिकला शिकवलेले आहे.